मानसोपचार विभाग त्याच इमारतीत आहे, तरीही विद्यार्थी तिथे का जात नाहीत?

रानजाई

मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनची दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. महाविद्यालयाचे नाव मुद्दामच देत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या युनिटमधली पहिल्या वर्षाची मुलगी सकाळच्या राउंडला रुग्णाची माहिती सांगता सांगता मध्येच थांबली. पोटॅशियमचा आकडा तिने स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलेला होता, ती त्याच कागदाकडे पाहत होती, पण तिला तो वाचता येत नव्हता. सरांनी दुसऱ्याला विचारले आणि राउंड पुढच्या खाटेकडे गेला. दुपारी मी तिला शोधत ड्युटी रूममध्ये गेले, तेव्हा ती एप्रन न काढताच भिंतीकडे तोंड करून बसली होती. एप्रनच्या खिशातून कामांच्या यादीचा घडी केलेला कागद डोकावत होता. रोज रात्री तो कागद खोडून खोडून काळा झालेला असतो. त्या दिवशी त्यावर एकही रेघ मारलेली नव्हती. तिने सांगितले की दीड महिन्यापासून झोप लागली तरी पहाटे तीनला जाग येते, जेवणाचा वास नकोसा झाला आहे आणि आईचा फोन आला की काय बोलावे ते सुचत नाही. मी म्हटले, "तिसऱ्या मजल्यावर सायकॅट्रीची ओपीडी आहे, मी येते तुझ्याबरोबर." त्यावर ती म्हणाली, "मॅम, तिथे केसपेपर काढावा लागेल."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या इमारतीत आम्ही नैराश्याची लक्षणे पाठ करतो, परीक्षेत लिहितो, रुग्णांना समजावून सांगतो, त्याच इमारतीत आम्हाला स्वतःसाठी दार उघडता येत नाही. हे केवळ लाजेमुळे होते का? आणि व्यवस्थेत नेमका कोणता बदल केला तर हे दार उघडेल? आपापले अनुभव लिहावेत, ही विनंती.

---

प्राजक्ता_न

मी इंटर्न असताना स्वतः ओपीडीच्या रांगेत उभी राहिले होते. खिडकीवरच्या कारकुनाने विभागाचे नाव मोठ्याने उच्चारून विचारले, "डॉक्टर, पेशंट कुठे आहे? कागद कोणाच्या नावाने काढू?" माझ्यामागे आमच्याच वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) कोणाचा तरी एक्स-रे घेऊन उभे होते. मी "नंतर येते" म्हणाले आणि परत गेले. ते "नंतर" यायला आठ महिने लागले. लाज होतीच, पण तेवढ्याने मी परतले नसते. संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डांत कळेल, ही खात्री होती.

---

घाटमाथा

मी शल्यचिकित्सक आहे, १९८८ सालच्या प्रवेशाचा. माझे म्हणणे काहींना रुचणार नाही, पण ते मनापासूनचे आहे. आम्हीही सलग छत्तीस तास काम केले आहे, जमिनीवर चादर टाकून झोपलो आहोत आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली आहेत. शस्त्रक्रिया हात घातल्यावाचून येत नाही, आणि रात्री दोन वाजता फुटलेले आतडे कोणाच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. प्रत्येक थकव्याला आजार म्हटले तर खऱ्या आजाऱ्याकडे दुर्लक्ष होईल, अशी मला काळजी वाटते. कामाचे तास कमी केले की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि त्या देवाणघेवाणीत चुका होतात, हे मी स्वतः पाहिले आहे. अमेरिकेत शल्यचिकित्सेच्या शंभराहून अधिक प्रशिक्षण केंद्रांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फर्स्ट' चाचणीतही ड्युटीच्या तासांचे नियम सैल केल्याने रुग्णांची हानी वाढल्याचे दिसले नाही.

---

मनोवेध

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि बारा वर्षे अध्यापन करतो आहे. घाटमाथा यांनी उपस्थित केलेला थकवा आणि आजार यांतला भेद महत्त्वाचा आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न हाताळल्या गेलेल्या दीर्घकालीन ताणाचा तो परिणाम आहे, अशी तिथली मांडणी आहे. त्याच्या तीन बाजू सांगितल्या जातात: शक्ती पार संपल्यासारखे वाटणे, कामापासून मनाने तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही असे वाटणे. ज्या विद्यार्थ्याला "खाट क्रमांक सातची आजी" म्हणायची सवय होती, तो "सातची सिरॉसिस" (म्हणजे आजीऐवजी तिच्या यकृताच्या आजाराचेच नाव) म्हणू लागला की मी सावध होतो.

नैराश्य हा मात्र आजार आहे. किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता यांत बदल, अपराधीपणा, स्वतःच्या अस्तित्वाविषयी नकोसेपणाचे विचार, अशी लक्षणे असतात. ढोबळ खूण सांगायची तर नुसता थकलेला माणूस सुट्टीत दोन-चार दिवस झोपला की त्याला मित्र आठवतात, चहा चांगला लागतो. नैराश्यातला माणूस सुट्टीतही तसाच राहतो, कधीकधी अधिकच खचतो, कारण कामाचा रेटा थांबल्यावर आतली पोकळी ऐकू येऊ लागते. अर्थात एकातून दुसऱ्यात घसरण होऊ शकते, आणि दोन्ही एकत्रही असतात. रानजाई यांनी वर्णन केलेल्या मुलीची पहाटेची जाग, अन्नावरची वासना उडणे आणि समोरचा आकडा न उमगणे, हे केवळ जागरणाचे लक्षण मानून सोडून देऊ नये. तिला तपासणीची गरज आहे.

एक कळकळीची विनंती. अनेक निवासी डॉक्टर ड्रॉवरमधल्या सॅम्पलच्या पट्ट्या स्वतःच घेऊ लागतात, बहुधा झोपेच्या गोळ्या. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटू शकतो, आणि त्या काळात कोणीतरी लक्ष ठेवणे आवश्यक असते. स्वतःच स्वतःचे डॉक्टर होऊ नका.

---

मांजराकाठ

मी डॉक्टर नाही. लातूर जिल्ह्यात शिक्षक आहे. मुलगा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वरचा प्रतिसाद वाचून हात थरथरले, म्हणून लिहितो आहे. तो दिवाळीला घरी आला आणि चार दिवस झोपला. आम्ही म्हटले, अभ्यासाने दमला आहे, झोपू द्या. पाचव्या दिवशी त्याच्या आईने अनारसे केले. ते त्याला लहानपणापासून इतके आवडतात की डब्याला कुलूप लावावे लागायचे. त्याने एक उचलला, हातात फिरवला आणि "नंतर खातो" म्हणून ताटलीत ठेवला. तो तसाच राहिला. आता तो परत गेला आहे आणि फोनवर "ठीक आहे" याखेरीज काही बोलत नाही.

नीटसाठी त्याला आम्ही दोन वर्षे लातुरातल्या खोलीवर ठेवले होते. निकाल लागला तेव्हा गावाने त्याची मिरवणूक काढली. आता त्याला वाटत असेल का, की आपण काही बोललो तर त्या सगळ्यावर पाणी पडेल? बापाने त्याला नेमके काय विचारावे, हे कोणी सांगू शकेल का?

---

मनोवेध

@मांजराकाठ, सर, फोनवर विचारण्याऐवजी शक्य असल्यास दोन दिवस रजा काढून त्याच्याकडे जाऊन या. "अभ्यास कसा चालला आहे" हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. "दिवाळीत तू अनारसा खाल्ला नाहीस तेव्हापासून मला तुझी काळजी वाटते आहे, तुला झोप लागते का?" असे जे दिसले तेच नेमके विचारा. जगणे नकोसे वाटते का, हेही स्पष्ट शब्दांत विचारायला घाबरू नका. असे विचारल्याने ते विचार मनात येतात हा गैरसमज आहे, उलट विचारल्यावर माणसाला हायसे वाटते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि ती मिरवणूक तुमच्यासाठी त्याच्याहून मोठी नाही, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. केंद्र शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. तुम्हालाही तिथे फोन करता येईल, त्यालाही.

---

तिफण

मी तिसऱ्या वर्षाला आहे. काकांचा प्रतिसाद वाचून रडू आले, कारण माझ्या वडिलांनी असा प्रश्न कधीच विचारला नाही आणि मीही काही सांगितले नाही.

माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये सर जे बोलत ते मी आधी मनात मराठीत उतरवून घेत असे, आणि तोवर ते पुढच्या स्नायूवर गेलेले असत. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उत्तर येत असूनही वाक्य जुळत नसे. मी शरीरक्रियाशास्त्रात नापास झालो आणि मागे पडलो. ज्यांच्याबरोबर वसतिगृहात जेवायला बसायचो ते पुढच्या वर्गात गेले आणि माझी ओळख "ऑड बॅचचा" एवढीच उरली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार पहिल्या वर्षाच्या परीक्षेला जास्तीत जास्त चार संधी मिळतात. बारावीपर्यंत कायम पहिला आलेल्या मुलाला ही मोजणी सुरू झाली की काय वाटते, ते मला शब्दांत सांगता येत नाही.

मी सायकॅट्री विभागात का गेलो नाही? कारण दोन वर्षांनी त्याच विभागात माझी क्लिनिकल पोस्टिंग लागणार होती. ज्या मॅडमसमोर रडायचे, त्यांच्याचसमोर पुढे केस सादर करायची. त्या मॅडम फार चांगल्या आहेत, हे मला आता ठाऊक आहे. तेव्हाही कदाचित ठाऊक होते.

---

शमा

तिफण यांनी वर्मावर बोट ठेवले आहे. मी एका महाविद्यालयात जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) शिकवते. आमच्याकडेही प्रत्येक शिक्षकाकडे काही विद्यार्थी मार्गदर्शनासाठी सोपवलेले असतात. दर महिन्याला बैठक होते, वहीत सह्या होतात. मी आस्थेने विचारते, मुले हसून "सगळे ठीक आहे, मॅडम" म्हणतात. कारण अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही मीच देणार असते. माझ्या सद्भावनेने ही अडचण सुटत नाही. गुण देणारा हात आणि आधार देणारा हात एकाच माणसाचा असेल तर विद्यार्थी दुसरा हात धरत नाही. हे समजायला मला फार वर्षे लागली.

---

टेम्सकाठ

मी मूळची साताऱ्याची, सध्या इंग्लंडमध्ये निवासी प्रशिक्षण घेते आहे. इथे सगळे आलबेल आहे असे अजिबात नाही. इथलेही डॉक्टर थकतात, खचतात. पण नेमक्या याच प्रश्नावर इथे एक उत्तर शोधलेले आहे. २००८ मध्ये लंडनमध्ये केवळ डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्यासाठी मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीची स्वतंत्र गोपनीय सेवा सुरू झाली आणि पुढे ती इंग्लंडभर विस्तारली. आपण स्वतःच नोंदणी करायची, कोणाचे पत्र लागत नाही. मी गेल्या वर्षी तिचा उपयोग केला. जिथे मी काम करते तिथल्या कोणालाही न कळता मला उपचार मिळाले. पहिल्या भेटीत समोरच्या डॉक्टरांनी माझ्या कामाविषयी अर्धा तास एकही प्रश्न विचारला नाही, घरची आठवण येते का असे विचारले, आणि मी तिथेच बांध फुटल्यासारखी रडले.

---

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. घाटमाथा सर, तुमचा अनुभव मी आदराने वाचला, पण दोन गोष्टी मांडल्यावाचून राहवत नाही.

पहिली गोष्ट 'फर्स्ट' चाचणीची. त्या चाचणीत दोन्ही गटांसाठी आठवड्याला सरासरी ८० तासांची कमाल मर्यादा कायम होती. सैल केले होते ते एका पाळीची लांबी आणि दोन पाळ्यांमधली विश्रांती यांचे नियम. त्यामुळे तासांना मर्यादाच नको, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आणि आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सामान्यतः १२ तासांहून अधिक नसावे, आठवड्याचे काम साधारण ४८ तासांचे असावे आणि आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे लिहिले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत "वाजवी तास", साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची नैमित्तिक रजा आहे. आयोगाच्या, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या कृतिगटाने २०२४ च्या अहवालात आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. आमच्या युनिटमध्ये गेल्या महिन्यात मी स्वतः मोजले, तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांचे तास शंभराच्या वर गेले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. त्या शंभर तासांत शिकणे किती असते? नमुने घेऊन प्रयोगशाळेत पोहोचवणे, रक्तपेढीसमोर थांबणे, सीटीची तारीख मिळवण्यासाठी विनवण्या करणे, अहवाल शोधत फिरणे, रुग्णाची ट्रॉली ढकलणे. हात घातल्यावाचून शस्त्रक्रिया येत नाही हे खरेच आहे, सर, पण आमचे हात बहुतेक वेळ फॉर्म भरण्यात असतात. रात्री दोनला फुटलेल्या आतड्यासाठी जागायला आमची तक्रार नाही.

---

प्राजक्ता_न

ट्रॉलीच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन.

---

मनोवेध

कृतिगटाच्या अहवालाचा उल्लेख आलाच आहे, म्हणून त्यातले आकडे जपून कसे वाचावेत ते सांगतो. त्या अहवालासाठी झालेल्या ऑनलाइन पाहणीत एमबीबीएसचे २५,५९० विद्यार्थी सहभागी झाले, त्यांतल्या २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे नोंदवले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्क्यांनी मनात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगितले. पाहणी ऐच्छिक असल्याने त्रास असलेल्यांनी ती अधिक भरली असण्याची शक्यता आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सर्व विद्यार्थ्यांना लावता येणार नाहीत. परंतु 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २०१६ मध्ये ४७ देशांतल्या अभ्यासांचे जे एकत्रित विश्लेषण आले, त्यातही नैराश्य किंवा त्याची लक्षणे असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे प्रमाण २७.२ टक्के निघाले होते. या धाग्याच्या दृष्टीने त्याच विश्लेषणातला आणखी एक आकडा मला जास्त अस्वस्थ करतो: चाचणीत नैराश्य आढळलेल्यांपैकी केवळ १५.७ टक्के विद्यार्थ्यांनी उपचार घेतले होते. म्हणजे केसपेपरच्या खिडकीवरून परत फिरणारी प्राजक्ता जगभर आहे.

गोपनीयतेविषयी कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा रुग्णाला अधिकार आहे, आणि विद्यार्थी हाही त्या वेळी रुग्णच असतो. विभागप्रमुखाने सहज म्हणून विचारले तरी मी सांगू शकत नाही. मात्र हा अधिकार आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही कधी वर्गात सांगितला का, याचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्यात माझाही दोष आहे.

---

घाटमाथा

दोन दिवस काही लिहिले नाही. रानजाई, चाचणीबद्दलची तुमची दुरुस्ती योग्य आहे. मी ती अर्धवट वाचली होती. तासांचा आग्रह मी अजूनही पुरता सोडलेला नाही, पण ट्रॉलीचे वाक्य खरे आहे. आमच्या वेळी वॉर्डात मामा आणि मावशी पुरेसे असत.

मला एक गोष्ट आठवली आणि ती लिहावीशी वाटते. आमच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत विदर्भातला एक मित्र राहत असे. टाके घालण्यात त्याचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा साफ होता. दुसऱ्या वर्षी तो बोलेनासा झाला, मग एक दिवस खोली रिकामी करून गावी निघून गेला. "त्याला झेपले नाही," असे आम्ही म्हणालो आणि हेच वाक्य मी पुढे तीस वर्षे अनेकांबद्दल वापरले. त्याच्या दारावर मी एकदाही टकटक केली नव्हती. आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत होती.

---

तिफण

सर, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनःपूर्वक आभार.

---

मांजराकाठ

मी शनिवारी जाऊन आलो. प्रश्न जसा सांगितला होता तसाच विचारला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "बाबा, मला वाटले तुम्हाला दिसले नाही." पुढचे सगळे इथे लिहिणे योग्य होणार नाही. महाविद्यालयाबाहेरच्या एका डॉक्टरांकडे आम्ही दोघे गेलो होतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत.

---

रानजाई

काका, फार बरे वाटले.

आमच्या मुलीविषयी तिच्या परवानगीने लिहिते. तिला शेजारच्या शहरातल्या खाजगी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. ती तीन आठवड्यांच्या वैद्यकीय रजेवर आहे. प्रवेश सोडून द्यावा असे तिला वाटत होते, पण जागा सोडण्याच्या बंधपत्राची रक्कम तिच्या घरच्यांच्या आवाक्याबाहेर आहे. आयोगाने २०२४ मध्ये राज्यांना हे बंधपत्र रद्द करण्याचा सल्ला दिला होता, हे मी तिला सांगितले. मात्र खचलेल्या मनाने इतका मोठा निर्णय आत्ता घेऊ नये, असे तिचे डॉक्टर म्हणाले आणि तिला ते पटले. तिचे काम आम्ही चौघांनी वाटून घेतले आहे. ते वाटताना आम्हाला प्रथमच दिसले की ती एकटी किती ओढत होती.

या धाग्याच्या आधारे आम्ही अधिष्ठात्यांना पत्र लिहितो आहोत. विद्यार्थ्यांच्या उपचारांसाठी बाहेरच्या मानसोपचारतज्ज्ञांची आठवड्यातून दोन संध्याकाळी नेमणूक व्हावी आणि त्यांचा मूल्यमापनाशी संबंध नसावा. नमुने पोहोचवण्यासाठी प्रत्येक वॉर्डाला माणूस मिळावा. आणि साप्ताहिक सुट्टी ड्युटीच्या तक्त्यावर नावानिशी छापली जावी, एवढ्याच मागण्या आहेत. केसपेपरचे काय करावे, हे मात्र आम्हाला सुचलेले नाही. नोंद नसेल तर औषधे मिळणार नाहीत, आणि नोंद असेल तर नाव कळणार.

---

मनोवेध

नोंद ठेवावीच लागेल, ती टाळू नका. रुग्णाच्या हिताच्या दृष्टीनेही ती हवी. पण नावाऐवजी सांकेतिक क्रमांक देता येईल आणि क्रमांक कोणाचा याची वही फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कुलपात राहील. एचआयव्हीच्या तपासणी केंद्रांत सांकेतिक क्रमांकाची पद्धत अनेक वर्षे चालू आहे, त्यामुळे रुग्णालयाला हे नवीन नाही. पत्रात तसाच दाखला द्या, म्हणजे "असे करता येत नाही" हे उत्तर मिळणार नाही. आणि उपचारांची जागा ओपीडीच्या इमारतीत मागू नका. ग्रंथालयाच्या बाजूची खोली मागा. तिथे कोणीही कधीही जाते. मसुदा झाला की मला व्यक्तिगत संदेशातून पाठवा, मी रात्री वाचून देईन.